पिप्याच्या जागी

गोंदियाच्या शिबिरातून परत येताना पुष्पांजलीनं डोळे मिटून घेतले, ते आमगावचं स्टेशन आलं तरी उघडले नाहीत. तिच्या वडिलांना, ईश्वरदासला, वाटलं की पोरगी झोपली. मला तसं वाटलं नाही. पुष्पा डोळे वर नेते तेव्हा ते 'हो' असतं. बाजूला नेते तेव्हा 'नाही'. आणि मिटून घेते तेव्हा कोणाशी काही बोलायची तिची तयारी नसते. तिला तोंडानं बोलता येत नाही. जन्मताना श्वास अडकला, तेव्हापासून हात, पाय, मान, जीभ यांतलं काहीच धड तिचं ऐकत नाही. डोळे तेवढे ऐकतात.

मी पुष्पाच्या गावच्या शाळेत शिकवत होते. निवृत्त झाले तरी गाव मला कुसुम मॅडमच म्हणतं. पुष्पाचं नाव शाळेच्या पटावर होतं, पण तिला वर्गात बसवून काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतर मी दुपारी तिच्या घरी जाऊ लागले. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी अक्षरांच्या ओळी ठळक लिहिल्या. मी बोट ओळींवरून खाली नेते, हवी ती ओळ आली की तिचे डोळे वर जातात. मग बोट त्या ओळीतून आडवं फिरतं, पुन्हा डोळे वर. झालं एक अक्षर. सुमित्राबाईंनी, तिच्या आईनं, ठेवलेला चहा एका वाक्यात थंड होतो. पण वाक्य होतं. चौदा वर्षांची पुष्पा अशी वाचायला शिकली, अशीच भांडायलाही शिकली.

माझे गुडघे आता कुरकुरतात. दुपारी जेवण झालं की उठावंसं वाटत नाही, तरी उठते. कॅलेंडर धरून धरून मनगट दुखतं. याहून मोठी काळजी एकच होती, ती मी कोणाला बोलून दाखवत नसे. माझ्यानंतर या पोरीपुढे बोट कोण फिरवणार?

म्हणून नागपूरच्या एका संस्थेचं शिबिर गोंदियाला आहे असं कळलं तेव्हा मीच ईश्वरदासच्या मागे लागले. न बोलणाऱ्या मुलांसाठी बोलणारी यंत्रं ती संस्था देत होती. एकदा गेलो तर कागद कमी पडले, एकदा गेलो तर साहेब आले नव्हते. तिसऱ्या खेपेला कुठे तपासणी झाली.

तपासणारी अल्का मॅडम नावाची तरुण बाई होती. तिच्यासमोर सकाळपासून मुलांची रांग लागलेली, पंखा बंद, कारण वीज गेलेली. तिनं पुष्पासमोर टेबलावर एक लॅपटॉप ठेवला आणि त्याला जोडलेलं एक मोठं लाल बटण. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळींवरून एक पट्टी आपोआप फिरत होती. हव्या ओळीवर आली की लाल बटण दाबायचं. म्हणजे माझं कॅलेंडरच की, फक्त बोट यंत्राचं! मला त्या गरमीतही बरं वाटलं. वाक्य पूर्ण झालं की यंत्र ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. आतला आवाज पुरुषाचा होता, आणि मराठी लिहिलं तरी तो ते हिंदीच्या चालीवर वाचायचा, स्टेशनवर गाडीची सूचना द्यावी तसा.

पुष्पाचा हात बटणाकडे गेला आणि बटणाच्या वरून निघून गेला. पुन्हा गेला, तो टेबलाखाली. तिसऱ्यांदा सगळं अंगच ताठ झालं आणि तिनं डोळे मिटले. हात कसा चालतो, असं अल्का मॅडमनी सोबत आलेल्या सुमित्राबाईंनाही विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली.

"हिला कितपत समजतं?" अल्का मॅडमनी विचारलं.

"सगळं."

"सगळेच पालक असंच म्हणतात हो."

"मी पालक नाही. शिक्षिका आहे."

"शिक्षक तर आणखीच म्हणतात," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. वाईट बाई नव्हती. थकलेली होती, माझ्यासारखीच.

तिनं दुसरं यंत्र काढलं. पिवळी पेटी, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. वर आठ चौकोन. प्रत्येक चौकोनात कोणाच्याही आवाजात एक वाक्य भरून ठेवायचं. चौकोनांवरून एक दिवा फिरत राहतो. हव्या चौकोनात आला की तेच लाल बटण दाबायचं, पेटी ते वाक्य बोलते. टॉर्चच्या सेलवर चालते.

"दोन्ही घेऊन जा," अल्का मॅडम म्हणाली. "मी जानेवारीत घरी येऊन बघीन. त्यातलं एक राहील, एक मी नेईन. आणि काहीच वापरत नाही असं दिसलं, तर दोन्ही नेईन. राग मानू नका. तिकडे अर्जुनीकडे एक मुलगा वाट बघून राहिला आहे."

राग कशाचा मानायचा? तिचं बरोबर होतं. मी गाडीत मांडीवर लॅपटॉपची पिशवी धरून बसले होते आणि मनात माझी निवड झालेली होती. पेटीत आठ वाक्यं. लॅपटॉपमध्ये जगातली सगळी. आणि त्याचं मनगट दुखत नाही.

घरी पोचल्यावर सुमित्राबाईंनी दोन्ही यंत्रांना हळदकुंकू लावलं. कुंकवाचा एक कण लॅपटॉपच्या फटीत गेला, तो हिमांशूनं फुंकून काढला. हिमांशू पुष्पाचा मोठा भाऊ, कॉलेजात जाणारा. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून ट्रंकेवर गेला. पिवळ्या पेटीला सुमित्राबाईंनी प्लास्टिकची पिशवी घातली आणि वर रबर बांधलं.

"धूर लागते, धूळ लागते," त्या म्हणाल्या. "पाहुना आला की काढू."

पेटीत वाक्यं भरायचं काम हिमांशूनं घेतलं. त्याचा आवाज गोड होता, तो गणपतीत सूत्रसंचालन करायचा. त्यानं घसा साफ करून भरलं: "नमस्कार, आपलं स्वागत आहे." "मला पाणी हवं आहे." "मला भूक लागली आहे." "धन्यवाद." सगळं कसं शुद्ध, नीटनेटकं. एक चौकोन तर "आपण जेवण करून जावे" असा होता. बाकीचे रिकामे राहिले, कारण पुष्पाला आणखी काय लागणार हे घरात कोणाला सुचेना.

पाहुणेही येऊ लागले. कोहमाऱ्याचे केशोराव, सुमित्राबाईंचे भाऊ, खास मशीन बघायला आले. रबर सोडलं, पिशवी काढली, पेटी टेबलावर, टेबल पुष्पासमोर.

"बोल ना वो बाई, मामाले नमस्ते बोल," केशोराव म्हणाले.

दिवा फिरत राहिला. पुष्पानं डोळे मिटले.

"बॅटरी उतरली का?" केशोरावांनी विचारलं.

"कोनाची?" ईश्वरदास म्हणाला. "मशीनची का टुरीची?"

सगळे हसले. ईश्वरदासही हसला, आणि मग उगाच बाहेर जाऊन बैलाला चारा टाकून आला. त्याचं पोरीवर प्रेम नव्हतं असं नाही. पाहुण्यांपुढे काय करावं हे त्याला कळत नव्हतं. पेटी पुन्हा पिशवीत गेली.

मी आपली लॅपटॉपवर मेहनत घेत राहिले. गावात तेव्हा दिवसाची वीज म्हणजे आली तर आली. हिमांशू रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावायचा आणि सकाळी गाणी ऐकून तो उतरवून ठेवायचा. मी दुपारी पोचले की पडदा काळा. कधी चालू सापडला तर अंगणात उजेडात काही दिसायचं नाही, म्हणून आतल्या खोलीत बसायचं. तिथे मी लाल बटण पुढे ठेवून बघितलं, डावीकडे ठेवलं, मांडीवर ठेवलं, उशीवर ठेवलं. तिचा हात दरवेळी कुठेतरी तिसरीकडेच जायचा. एकदा महाकष्टानं 'क' आला. यंत्र म्हणालं, "क." पुष्पानं माझ्याकडे असं बघितलं, की मला त्या यंत्राच्या वतीनं लाज वाटली.

"उद्या करू," मी म्हणाले. डोळे बाजूला गेले.

दिवाळी होऊन गेली, धान घरात आलं. एका दुपारी मी नेहमीपेक्षा उशिरा निघाले. खरं तर जाऊच नये असं मनात होतं. अल्का मॅडमला फोन करावा, घेऊन जा म्हणावं, त्या अर्जुनीच्या मुलाला तरी उपयोग होईल. असा विचार करत मी बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरून हळूहळू चालत होते, तेव्हाच मला लांबून ठणठण असा आवाज ऐकू आला.

ईश्वरदासच्या अंगणात उकडलेलं धान वाळत घातलं होतं. सुमित्राबाई मागे चुलीवर दुसरा हंडा चढवत होत्या. धानाच्या कडेला, सुतारानं करून दिलेल्या आपल्या खुर्चीत पुष्पा बसलेली. खुर्चीचा मागचा उजवा पाय वर पाठीपर्यंत गेलेला, त्याला कोपराच्या उंचीवर तेलाचा रिकामा पिपा बांधलेला. एक कोंबडी मान पुढे काढून धानाकडे आली. पुष्पानं वाट बघितली. कोंबडीनं पहिला दाणा टिपायला चोच खाली नेली, आणि पुष्पाचं कोपर मागे गेलं. ठण्ण! कोंबडी पंख फडफडवत पळाली. पुन्हा आली, पुन्हा ठण्ण. एकही वार चुकला नाही. आधी नाही, नंतर नाही, बरोबर त्या क्षणाला.

मी तिथेच उभी राहिले.

"रामराम मॅडम," मागून सुमित्राबाई हात पुसत आल्या. "उनीत काऊन उभ्या?"

"जयभीम. सुमित्राबाई, हे केव्हापासून?"

"का?"

"हे पिपा वाजवणं."

"मागच्या धानापासून. कोंबड्या कोन हाकलन मंग? मी चुलीपाशी, हे वावरात, अना हिमांशूले तं आंगन दिसतच नाही. हे टुरी आहे म्हनून बरं हाये जी."

"मग गोंदियाला का सांगितलं नाही? त्या मॅडम केव्हाच्या विचारत होत्या, हात कसा चालतो म्हणून."

"त्याइनं हाताचं इचारलं," सुमित्राबाई म्हणाल्या. "हे तं कोपर हाये."

मी आत गेले, पेटीचं रबर सोडलं, पिशवी काढली आणि लाल बटण घेऊन बाहेर आले. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मागून घेतली. पिपा सोडला आणि त्याच्या जागी, खुर्चीच्या मागच्या पायाला, बटण घट्ट बांधलं. पेटी पुष्पाला दिसेल अशी समोर पाटावर ठेवली. दिवा फिरू लागला. "धन्यवाद"च्या चौकोनात आला, पुढे गेला. रिकाम्या चौकोनात आला. कोपर मागे गेलं. पेटी गप्प. पुढच्या फेरीत पुन्हा तोच रिकामा चौकोन. ती मुद्दाम रिकाम्याच जागा दाबत होती.

"हिमांशूचं सगळं पुसू का?" मी विचारलं. माझं वाक्य संपायच्या आत तिचे डोळे वर गेले.

मी कॅलेंडर काढलं. "मग भरू काय?"

बोट फिरू लागलं. प. वेलांटी. अनुस्वार. क. पुढचं मीच ओळखलं.

पिंकी म्हणजे शेजारच्या बकारामची पोरगी. पुष्पाच्याच वयाची. तिनं हाक मारली की तिसऱ्या गल्लीतली बकरी मान वर करते. मी कुंपणावरून आवाज दिला. ती केस पुसत आली.

"काऊन बलावलं, मॅडम?"

"मी नाही. हिनं बोलावलं."

पिंकीनं पुष्पाकडे बघितलं. "का वो?"

पुन्हा बोट, पुन्हा ओळी. आ. व. आ. ज. मी वाचलं आणि क्षणभर मलाही कळलं नाही. मग कळलं. तिला पेटीत पिंकीचा आवाज हवा होता.

"माहा आवाज?" पिंकी म्हणाली. "अवो, माय म्हनते माह्या आवाजानं दूध नासते!"

पुष्पा हसली. तिचं हसू म्हणजे सगळं अंग हलतं, खुर्ची करकरते.

त्या दुपारी आणि त्यापुढच्या कितीतरी दुपारी आम्ही वाक्यं भरत होतो. पुष्पा डोळ्यांनी सांगायची, मी जुळवायची, पिंकी बोलायची. पहिलं वाक्य कोंबड्यांसाठी होतं. पुष्पानं नुसतं "हुश्श" सांगितलं होतं. पिंकीनं पेटीला तोंड लावून जे भरलं, ते असं: "हुश्श! भागा इथून, मेल्याहो!"

कोपर मागे गेलं, पेटी ओरडली, अंगणातल्या कोंबड्या तर गेल्याच, ओट्यावर निजलेलं कुत्रंही उठून गेलं.

"अवो बाप्पा!" सुमित्राबाई पळत आल्या. "असी बोलन का पोरगी? लोकं का म्हनतील?"

"मामी, मी नाही बोलली, हे बोलली," पिंकी म्हणाली.

"मेल्याहो तूच टाकलं त्याच्यात!"

"तिले इचारा, काढू का?"

सुमित्राबाईंनी विचारलं. पुष्पाचे डोळे बाजूला गेले, अगदी कुंपणापर्यंत.

दुसरं वाक्य होतं, "काऊन?" तिसरं, "मी नाही येत, जा." चौथं, "खोटं हाये." पाचवं हिमांशूसाठी: "दादा, लॅपटॉप ठेव खाली." सहावं वाक्य पिंकीला हाक मारण्याचं होतं, तेव्हा ती अडली. "म्हंजे मीच मले बलावू?" पण तिनं भरलं, "पिंके, इकडं ये वो," आणि नंतर आपल्याच हाकेला ओ देत रोज कुंपण ओलांडून येऊ लागली. सातवं जुळायला फार वेळ लागला. मी मध्येच अंदाजानं शब्द पुरे करत होते आणि पुष्पा प्रत्येक वेळी डोळे बाजूला नेत होती. शेवटी जुळलं ते हे: "थांबा. माहं बोलनं बाकी हाये."

सुमित्राबाई चुलीजवळून ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, "अना मायसाठी काही नाही का त्याच्यात?"

पुष्पानं आईकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. मी बोट फिरवलं. अक्षरं सावकाश आली. मी वाचून दाखवलं, "मायले समजते."

सुमित्राबाई पदर तोंडाशी धरून धानात पाय फिरवायला गेल्या. ते धान त्यांनी नुकतंच फिरवलं होतं.

आठवा चौकोन रिकामा राहिला. मी एकदा सुचवलं, "धन्यवाद ठेवू या का? त्या मॅडमना बरं वाटेल." डोळे बाजूला. बरं, राहू दे.

आता पेटी अंगणातच असायची. सुमित्राबाईंनी पिशवी घालणं सोडलं, कारण दर दोन मिनिटांनी ती काढावी लागे. लॅपटॉप मात्र ट्रंकेवरच होता. मी पुन्हा प्रयत्न केला. बटण कोपराशी बांधल्यावर अक्षरं येऊ लागली होती, पण आतल्या खोलीत, संथ, आणि त्या स्टेशनवाल्याच्या आवाजात. पुष्पा दोन शब्द लिहायची आणि दाराकडे बघायची. दाराबाहेर पिंकी होती, कोंबड्या होत्या, जाणारे-येणारे होते. मला सगळं कळत होतं. पण मला हेही कळत होतं, की आठ चौकोनांत जन्म निघत नाही. थंडीत माझं मनगट सुजलं होतं. कधी कधी मी कॅलेंडर पिंकीच्या हातात देऊन बाजेवर जरा पाठ टेकायची. कानावर त्यांची खुसखूस पडायची, आणि माझा डोळा लागायचा.

जानेवारीत अल्का मॅडम आली. आमगावहून आटोनं, डोक्याला मफलर गुंडाळून. ईश्वरदासनं नवी चादर अंथरून खुर्ची ठेवली. हिमांशूनं लॅपटॉप पुसून, चार्ज करून आणला. ती चहाला नको म्हणाली, मग घेतला.

पुष्पासमोर बसून तिनं आधी पेटीकडे बघितलं, मग बटण शोधलं, आणि ते मागच्या पायाला बांधलेलं दिसल्यावर वाकून ती ट्यूबची पट्टी हातानं चाचपली. मग शिबिरात विचारत होती त्याच आवाजात तिनं विचारलं, "तुझं नाव काय?"

दिवा फिरला. कोपर मागे गेलं.

"काऊन?" पेटी म्हणाली.

अल्का मॅडम दचकली. ईश्वरदासनं खाली बघितलं.

"म्हणजे, मला कळावं म्हणून. मला तुझं नाव माहीत नाही ना."

दिवा पुन्हा फिरला. आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत होतो.

"खोटं हाये."

सुमित्राबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग अल्का मॅडम हसायला लागली. मफलर सोडून, डोळे पुसून, बराच वेळ हसली. "खोटंच आहे," ती म्हणाली. "तुझ्या नावाचा कागद माझ्या पिशवीत आहे." मग माझ्याकडे वळली. "मॅडम, सगळं समजतं म्हणाला होतात."

"हो."

"त्याच्याहून थोडं जास्त समजतं."

मग मुद्द्याची गोष्ट आली. कोणतं ठेवायचं?

"लॅपटॉप ठेवा जी," ईश्वरदास म्हणाला. "मोठी चीज हाये. पेटी तं काय, खेळनं दिसते."

"त्यात सगळं करता येतं," हिमांशू म्हणाला. "नेट पण—"

"दादा, लॅपटॉप ठेव खाली."

हिमांशूनं खरंच तो खाली ठेवला. मग त्याला कळलं आणि त्याचे कान लाल झाले.

"तिलाच विचारू या," मी म्हणाले. मला उत्तर माहीत होतं आणि नको होतं. "पुष्पा, लॅपटॉप?"

डोळे बाजूला.

"पेटी?"

डोळे वर.

अल्का मॅडमनी विचारलं, "का, सांगशील?" मी कॅलेंडर घेतलं. बोट फिरवताना मनगटातून कळ आली, ती मी गिळली. अक्षरं मोजकीच होती: "आंगनात चालते." एवढंच. बरोबरच होतं. तिचं बोलणं अंगणात होतं, तिचं काम अंगणात होतं. मी इतकी वर्षं तिला अक्षरं शिकवली ती काय मला बरं वाटावं म्हणून? तरी अल्का मॅडमनी लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

"थांबा. माहं बोलनं बाकी हाये."

अल्का मॅडमचा हात थांबला. दिवा पुढे फिरत होता. पहिला चौकोन गेला, दुसरा गेला. सातव्यावरूनही पुढे गेला. आठव्यात आला आणि कोपर मागे गेलं. चुकलं, मला वाटलं. आठवा रिकामा आहे.

"लॅपटॉप बी लागन, मंग," पिंकीचा आवाज म्हणाला. या वेळी ओरडून नाही, जपून. "कुसुम मॅडम थकल्या आता. त्याइचं मनगट दुखते."

मी पिंकीकडे बघितलं. ती कुंपणाशी उभी होती, ओढणीचं टोक चावत.

"तू भरलंस?"

"मी नुसती बोलली. सांगतलं तिनं."

"पण अक्षरं कोणी..."

"मीच फिरवलं बोट. तुमी बाजीवर झोपल्या होत्या तवा." मग जरा घाबरून, "तुमचं क्यालेंडर नाही फाटलं जी. थोडंसं मुडपलं."

सुमित्राबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

अल्का मॅडमनी वायर पूर्ण गुंडाळली. ती खोटा शब्द देणारी नव्हती. "हा लॅपटॉप उद्या अर्जुनीला जाईल," ती पुष्पाला म्हणाली, मला नाही. "त्या मुलाला अंगण नाही, तो खाटेवरच असतो. तुझं नाव मी पुढच्या वेळेसाठी लावते. मिळेल की नाही, ते आज सांगता येत नाही."

पुष्पाचे डोळे वर गेले.

आटो गेला. ईश्वरदास त्याच्या मागे बराच वेळ बघत उभा राहिला, मग आत येऊन त्यानं पेटी उचलली, कपाळाला लावून पुन्हा पाटावर ठेवली. "सेल आनून ठेवतो," एवढं म्हणाला आणि सायकल काढली.

ऊन उतरत होतं. मी कॅलेंडर हातात घेतलं, कारण रोजची वेळ झाली होती. पिंकीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तुमी बसा जी."

मी बसले. तिनं बोट फिरवायला सुरुवात केली, भराभरा, जशी ती सगळंच करते. पुष्पाचे डोळे वर जाईपर्यंत बोट दोन ओळी पुढे गेलेलं असायचं. पिंकी आपल्याच मनानं शब्द पुरा करून मोकळी.

पाटावरून पेटी ओरडली, "थांबा. माहं बोलनं बाकी हाये."

"हळू, पिंके," मी बाजेवरून म्हणाले. "ओळीच्या शेवटी बोट जरा थांबव. आणि बोटाकडे नको बघूस, तिच्या डोळ्यांकडे बघ. हं. आता ने."

तिनं बोट सावकाश खाली नेलं.